आवाज आधी नव्हता

शोरूमच्या वर्कशॉपमधून काम होऊन आलेली गाडी माझ्याकडे येते, तेव्हा मालकाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "मिस्त्री, हा आवाज आधी नव्हता." मग तो बिलांची फाइल काढतो, कोण काय बोललं ते सांगतो, किती हेलपाटे झाले ते सांगतो. पण कामाचं जे काही असतं ते पहिल्याच वाक्यात सांगून झालेलं असतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात स्वतःचं गॅरेज टाकण्याआधी मी काही वर्षं अशाच एका वर्कशॉपमध्ये फ्लोअरवर कामाला होतो. त्यामुळे हे वाक्य मी काउंटरच्या काचेच्या दोन्ही बाजूंनी ऐकलेलं आहे.

आतल्या बाजूला ते पोहोचायचं तोवर त्यात फारसं काही उरलेलं नसायचं. सकाळी नऊला सर्व्हिस ॲडव्हायझरसमोर गाड्यांची रांग लागते. ग्राहक सांगतो, "पहिला स्टार्टर मारला की दोन सेकंद खळखळतंय, मग जातंय. हेडचं काम झाल्यापासनं चालू झालंय." ॲडव्हायझर जॉब कार्डावर टाकतो: इंजिन नॉइज, चेक. कधी येतो, किती वेळ येतो, कशानंतर सुरू झाला, हे तिन्ही गेलं. कार्ड फ्लोअरवर आलं की ज्याच्या हातात पाना आहे त्याला ग्राहक दिसत नाही, आणि ज्याला आवाज ऐकू आला त्याला फिटर दिसत नाही. कंपनीनं प्रत्येक कामाला वेळ बांधून दिलेली असते. क्लच प्लेटला इतकी, टायमिंग चेनला इतकी. त्या वेळेचेच पैसे लागतात. आवाज शोधत बसायला त्या तक्त्यात जागा नसल्यातच जमा. फिटर स्कॅनर लावतो, एरर कोड येत नाही, गाडी वॉशिंगला जाते. सगळे आपापल्या जागी बरोबर असतात आणि आवाज तसाच राहतो.

स्कॅनरवर राग काढण्यात अर्थ नाही. जे मोजायला सेन्सर बसवलाय तेच तो सांगणार. पेट्रोल इंजिनाला नॉक सेन्सर असतो, पण तो सिलिंडरमध्ये मिश्रण अवेळी पेटल्याचा ठोका पकडायला. सैल झालेला पत्रा, बेल्टच्या पुलीचं वाजणारं बेअरिंग किंवा फुंकणारं एक्झॉस्ट गॅसकेट याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं. म्हणून 'स्कॅनरवर काही नाही' याचा अर्थ 'गाडीत काही नाही' असा होत नाही.

भांडणाचं खरं मूळ मला बऱ्याच वेळा घड्याळात सापडलं आहे. ग्राहक आवाज ऐकतो तो सकाळी सहाला, रात्रभर थंड पडलेल्या इंजिनाचा. वर्कशॉप तो ऐकायला जातं संध्याकाळी पाचला. तोवर गाडी दिवसभरात पाचसहा वेळा चालूबंद झालेली असते, ऑइल सगळीकडे पोहोचलेलं असतं, धातू तापून फुगलेला असतो. आता बघा, आजच्या बऱ्याच इंजिनांत टायमिंग चेन ताणून धरायचं काम ऑइलच्या दाबावर चालतं. टॅपेटसुद्धा हायड्रॉलिक असतात. गाडी रात्रभर उभी राहिली की त्यातलं ऑइल उतरतं आणि स्टार्ट केल्यावर दाब चढेपर्यंत चेन सैल राहते. हलका ऑइल फिल्टर बसवला आणि त्यातल्या उलट्या प्रवाहाला अडवणाऱ्या रबरी व्हॉल्व्हनं दगा दिला, तरी तोच प्रकार. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅसकेट नीट बसलं नसेल तर थंड असताना टिकटिक होते आणि तापल्यावर फट बुजून आवाज गायब होतो. म्हणजे ग्राहक खोटं बोलत नाही आणि वर्कशॉपवालाही नाही. दोघांनी दोन वेगळी इंजिनं ऐकलेली असतात.

म्हणून माझ्याकडे अशी गाडी आली की मी पहिल्यांदा सांगतो, "आज गाडी ठेवून जावा. उद्या सकाळी तुम्ही आल्याशिवाय आम्ही चावी फिरवत नाही." काहींना हे विचित्र वाटतं. पण मालकासमोर पहिला स्टार्ट झाला की निम्मा वाद तिथंच मिटतो. तो बोट करतो, "हां, हा बघा!" आणि आम्ही दोघं एकाच आवाजाबद्दल बोलायला लागतो.

कोल्हापूरच्या गिऱ्हाइकाच्या कानावर मी सहसा शंका घेत नाही. हे गाव इंजिनांवर वाढलंय. विजेचे पंप आले नव्हते तेव्हा पंचगंगेचं आणि भोगावतीचं पाणी ऑइल इंजिनांनी काठच्या उसाला दिलं, आणि त्यातली बरीच इंजिनं इथल्याच कारखान्यांत बनली. शाळेची पायरी न चढता इंजिन बांधणाऱ्या म्हादबा मेस्त्रींचं नाव उद्यमनगरात आजही आदरानं घेतात. आज शिरोलीत पिस्टन होतात, गोकुळ शिरगावात इंजिनाची बेअरिंग होतात, कागलला किर्लोस्करांचा इंजिनाचा कारखाना आहे, आणि इथल्या फाउंड्रीत ओतलेले ब्लॉक आणि हेड देशभरच्या गाड्यांत बसतात. माझ्याकडे येणाऱ्यांत कुणी लेथवर उमेदीची वर्षं घालवलेला, कुणी फाउंड्रीतला, कुणी विहिरीवर इंजिन चालवलेला. इंजिनाचा ठोका बदलला की बांधावर बसूनच 'पाणी तुटलं' किंवा 'डिझेल संपत आलंय' हे ओळखणारी ही माणसं. त्यांना "सर, नॉर्मल आहे" असं म्हटलं की त्यांच्या कपाळावर आठी चढते, ती उगाच नाही.

आवाज शोधायची आमची रीत साधी आहे, फक्त तिला घाई चालत नाही. आधी बिल वाचायचं. कुठलं काम झालं, त्यासाठी काय काय उतरवावं लागलं असेल, आणि परत बसवताना काय राहू शकतं, याची यादी मनात करायची. खालचा प्लॅस्टिकचा शिल्ड काढल्याशिवाय ऑइल फिल्टर हाताला येत नसेल, तर त्याच्या क्लिपा मोजायच्या. एअर फिल्टरचा डबा हलवला असेल तर त्याची पट्टी आणि पाइप बघायचा. टर्बोजवळ हात गेला असेल तर उष्णता अडवणारा पत्रा हातानं हलवून बघायचा. इंजेक्टर काढले असतील तर त्यांच्या बुडाच्या तांब्याच्या वॉशरजवळ काळा चिकटा दिसतोय का, ते टॉर्च लावून पाहायचं. नवा वॉशर न घालता जुनाच दाबून बसवला की तिथून फुसफुस येते, आणि ती ऐकणाऱ्याला टॅपेटसारखी वाटते. शोरूमहून इंजिन बिघडून आलं म्हणून घाबरलेली कितीतरी माणसं एका क्लिपेवर किंवा वॉशरवर परत गेली आहेत.

त्यानंतर कान. आयडलवर टकटक मोजायची. फोर स्ट्रोक इंजिनात कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो. इंजिन मिनिटाला आठशे फेऱ्यांवर असेल तर एका व्हॉल्व्हची टकटक चारशे वेळा होते, सेकंदाला साधारण सहासात. मोजता येण्याइतकी. याच्या दुप्पट असेल तर खाली क्रँककडे बघायचं. बेल्ट काही क्षण काढून गाडी चालू केली की अल्टरनेटर, एसी आणि पुली यांच्या नावावरचा संशय फिटतो. क्लच दाबल्यावर आवाज बदलला तर बहुतेक वेळा इंजिनाचा विषय नसतो. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक ब्लॉकला आणि मूठ कानामागच्या हाडाला लावायची जुनी पद्धत आम्ही सोडलेली नाही, जोडीला स्टेथोस्कोप आलाय एवढंच.

एक जुनी पद्धत मात्र आम्ही कटाक्षानं बंद केली. पूर्वीचे मिस्त्री चालू इंजिनावर इंजेक्टरच्या पाइपचा नट सैल करून एकेक सिलिंडर तोडायचे, म्हणजे बंद पाडायचे, आणि ठोका कुठं थांबतो ते बघायचे. कॉमन रेलच्या गाडीत त्या पाइपात दाब हजार-दीड हजार बारपर्यंत चढू शकतो. तिथून उडालेली डिझेलची बारीक धार कातडी भेदून आत जाते. आता आम्ही इंजेक्टरची वायर काढून सिलिंडर तोडतो आणि नंतर त्यामुळे पडलेला कोड स्कॅनरनं पुसतो. गॅरेजमध्ये पोरगं नवं आलं की पाना हातात देण्याआधी हे सांगतो.

या सगळ्यात माझ्या लक्षात राहिलेली गाडी आहे ती महापुरातली. ऑगस्ट २०१९. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, आणि पाणी गेलं ५५ फुटांच्या वर. शिरोलीजवळ महामार्ग कित्येक दिवस पाण्याखाली होता. पाणी ओसरलं तसं गावात टोइंगच्या गाड्यांची रीघ लागली आणि वर्कशॉपांच्या आवारात चिखलानं माखलेल्या गाड्या एकीला एक लावून उभ्या राहिल्या. प्रयाग चिखलीचे एक निवृत्त गुरुजी, त्यांची लहान डिझेल गाडी दारातच बुडाली होती. विम्यातून काम झालं आणि दिवाळीच्या सुमारास गाडी हातात आली. सीट नव्या, वायरिंग नवं, ऑइल नवं. चढाला मात्र इंजिनातून एक हलका, कोरडा ठोका यायचा. आयडलवर जवळजवळ नाही. शोरूममध्ये त्यांना सांगितलं होतं, "डिझेल आहे गुरुजी, एवढा आवाज असतोच." गुरुजी मला म्हणाले, "पोरा, डिझेल पुराच्या आधी पण होतं की."

त्यांना गाडीत बसवून आम्ही पन्हाळ्याच्या रस्त्याला लागलो. वाघबीळ सोडून चढ सुरू झाला आणि तिसऱ्या गिअरमध्ये ठोका स्पष्ट आला. पाय काढला की कमी, पाय दिला की परत. परत येऊन एकेका इंजेक्टरची वायर काढली. तिसऱ्या सिलिंडरची काढल्यावर ठोका थांबला. कॉम्प्रेशन घेतलं तर बाकीचे तीन जवळजवळ सारखे आणि तिसरा कमी. मी विचारलं, "पाणी उतरल्यावर गाडी कुणी चालू करायला बघितली होती काय?" गुरुजी थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "टोइंगवाला यायच्या आधी गल्लीतल्या पोरांनी वाट मोकळी करायला एकदा स्टार्टर मारला होता. घुर्रर्र करून थांबली."

त्या एका स्टार्टरमध्ये काय झालं असणार ते हिशोबानं सांगता येतं. चार सिलिंडरचं १२४८ सीसीचं इंजिन धरा. एका सिलिंडरची जागा ३१२ सीसी. डिझेलचा कॉम्प्रेशन रेशो सतराअठराच्या घरात, म्हणजे पिस्टन वर आल्यावर हवेला उरते ती फक्त १८-१९ सीसी. चहाचे चार चमचे. त्याहून जास्त पाणी आत असेल तर ते दाबलं जात नाही. पिस्टन थांबतो, क्रँक ढकलत राहतो आणि मधला कनेक्टिंग रॉड वाकतो. जोरात वाकला तर इंजिन जागेवर बसतं आणि कुणालाही कळतं. केसभर वाकला तर पाणी काढून, ऑइल बदलून गाडी पुन्हा चालू होते, पळते, डिलिव्हरीही होते. रॉड तेवढा आखूड झाल्यामुळे पिस्टन पूर्ण वर पोहोचत नाही, म्हणून कॉम्प्रेशन कमी. आणि तिरका ढकलला जात असल्यामुळे ओझ्याखाली सिलिंडरच्या भिंतीवर आदळतो, म्हणून ठोका. अशी गाडी महिनोन् महिने चालू शकते आणि एखाद्या दिवशी हायवेवर तोच रॉड तुटून ब्लॉक फोडून बाहेर येऊ शकतो.

गुरुजी म्हणाले, "मग खोला की. तुमच्या हातनंच होऊ दे." मी नाही म्हणालो. हेड मी उतरवलं असतं तर शोरूम आणि विमा कंपनी दोघंही म्हणाले असते, बाहेर उघडलेल्या इंजिनाची जबाबदारी आमची नाही. पुरावा इंजिनाच्या आत बंद होता, तो तसाच राहायला हवा होता. मी लेटरहेडवर लिहून दिलं: ठोका कधी येतो, कुठल्या गिअरला येतो, कुठला सिलिंडर तोडल्यावर थांबतो, चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन किती, रॉड वाकल्याचा संशय आहे, हेड उतरवून चारही पिस्टनची वरची उंची डायल गेजनं मोजावी आणि मोजताना विम्याच्या सर्व्हेअरला बोलवावं. खाली सही, शिक्का, तारीख. संशयाच्या पुढं एक शब्द लिहिला नाही.

तो कागद घेऊन गुरुजी शोरूमला गेले. काउंटरवर परत "नॉर्मल आहे" सुरू झालं, पण कागदावर आकडे होते आणि आकड्याला 'नॉर्मल' हे उत्तर पुरत नाही. हेड उतरलं. तिसरा पिस्टन बाकीच्यांपेक्षा अर्ध्या मिलिमीटरनं खाली होता. मिलिमीटरच्या शतांशात माप घेतलं जातं तिथं अर्धा मिलिमीटर म्हणजे बोलायलाच नको. रॉड, पिस्टन, बेअरिंग बदलली. शोरूमच्या फिटरनंच ते काम उत्तम केलं, हेही सांगायला हवं. पुराच्या त्या महिन्यांत एकेकाच्या माथी ढीगभर गाड्या होत्या, आणि ज्या पोरानं पहिल्यांदा इंजिन धुऊन चालू केलं त्याला गल्लीत मारलेला स्टार्टर कुणी सांगितलाच नव्हता. काउंटरवर तो प्रश्न कुणी विचारला नव्हता.

याची दुसरीही बाजू आहे. काही वेळा आवाज खरोखर आधीपासून असतो. चाळीस-पन्नास हजारांचं बिल भरून आलेला माणूस रेडिओ बंद करून, काच खाली करून गाडी चालवतो आणि आजवर न ऐकलेलं सगळं त्याला ऐकू येतं. कधी मोठा आवाज गेल्यामुळे त्याखाली दबलेला लहान आवाज वर येतो. इंजिनाचे जुने, बसलेले माउंटिंग काढून नवे घातले की काही वेळा सुरुवातीला स्टिअरिंगला वेगळी थरथर जाणवते. अशा वेळी मी गॅरेजमधली त्याच मॉडेलची दुसरी गाडी शेजारी आणून उभी करतो आणि दोन्ही चालू करून मालकाला ऐकवतो. 'असतोच' असं म्हणण्यापेक्षा हे स्वस्त पडतं आणि माणूस मोकळ्या मनानं घरी जातो. तशी गाडी नसेल तर ओळखीच्या गिऱ्हाइकाला फोन करून बोलावतो. उद्यमनगरात एवढी देवाणघेवाण अजून चालते.

शोरूमशी भांडायचंच झालं तर काय करायचं, हेही लोक विचारतात. मी वकील नाही, पण कागद कसा ठेवायचा ते सांगतो. तक्रार जॉब कार्डावर आपल्या शब्दांत लिहून घ्या. 'नॉइज चेक' एवढ्यावर सही करू नका. सकाळच्या पहिल्या स्टार्टचा व्हिडिओ काढा, त्यात मीटरवरचे किलोमीटर दिसू द्या. काढलेले जुने पार्ट मागून घ्या. काम झाल्यावर ट्रायलला स्वतः बसा, आणि आवाज ज्या रस्त्यावर येतो त्याच रस्त्यावर न्या. शिरोली पुलापर्यंतच्या सपाट फेरीत घाटातला ठोका कसा येणार? यातून नाही सुटलं तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे आणि जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू झाला. सेवेतली त्रुटी त्यात येते, तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते आणि मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगात फी लागत नाही. पण माझ्या पाहण्यात बहुतेक प्रकरणं तिथवर जात नाहीत. नीट लिहिलेला एक कागद काउंटरवर गेला की बोलण्याचा सूर बदलतो.

गुरुजींच्या गाडीनंतर माझ्या गॅरेजच्या जॉब कार्डावर मी चार ओळी छापून घेतल्या. आवाज कधी येतो: थंड की गरम, उभी की चालती, चढ की सपाट. केव्हापासून. त्याआधी गाडीला काय काय झालं. आणि चौथी ओळ काम झाल्यावर भरायची: आता कोणता आवाज शिल्लक आहे आणि तो का. या चौथ्या ओळीवर आमच्या पोरांनी आधी बरीच कुरकुर केली. आपण होऊन गिऱ्हाइकाला आवाज दाखवायचा म्हणजे पायावर धोंडा मारून घेणं, असं त्यांचं म्हणणं. अनुभव उलटा आला. शंभर टक्के बिनआवाजाची जुनी गाडी कुणी मागत नाही. 'चेनचा हलका आवाज आहे, आज धोका नाही, पाच हजार किलोमीटरनंतर परत दाखवा' असं लिहून दिलं की माणूस पाच हजार किलोमीटरनंतर खरंच येतो. आणि येताना शेजाऱ्याची गाडी पण घेऊन येतो.